योडला जोड

नामसोसच्या छापखान्यात, धक्क्यामागच्या गल्लीत,
ओलाउग जुळारी दुपारी साडेतीनलाच दिवा लावते.
बाहेर अंधार पडून झालेला.
पडद्यावर एकच शब्द, आठशे टक्के मोठा:
फ्योर्ड.

एफ पुढे झुकलेला, ओंजळीनं पाणी प्यावं तसा,
आणि त्याच्या आकड्याचं टोक
नेमकं शेजारच्या अक्षराच्या टिंबावर आपटलेलं.
जे-ला इकडे योड म्हणतात.
एफला आयची जोड मिळते, एलची मिळते,
योडला जोड नाही.

फॉन्ट देखणा आहे, वाद नाही.
ग्रामग्रंथ समितीनं तीन बैठका
आणि एक भांडण करून निवडलेला.
पण ज्यानं तो कोरला त्याच्या देशात
समुद्र असा डोंगराच्या बगलेत शिरत नसावा.
त्याला हे जोडाक्षर कधी लागलंच नाही.

"अंतर वाढव की थोडं," भाचा म्हणाला.
वाढवलं. शब्दाचा पुढचा दात पडल्यासारखं दिसलं.
मग तिनं टिंब खरवडलं,
अक्षरांच्या कडा मोकळ्या केल्या,
आकडा हळूहळू ओढून
योडच्या खांद्यावर हातासारखा ठेवला.
चित्र झालं. सुरेख.
तीनशे बारा ठिकाणी चिकटवलं:
फ्योर्डला, डोंगराला, पिसाला, गोठ्याला,
ओहोटीच्या किनाऱ्याला.
त्यांच्या भाषेत हे सगळे
याच दोन अक्षरांनी उघडतात.

शुक्रवारी एइलेर्ट हाल्सनेसचा फोन.
वय ब्याऐंशी, डोळे गेलेले,
पुस्तकं यंत्राकडून ऐकतो.
"ओलाउग, गावातलं पाणी कुठं गेलं?
यंत्र म्हणतंय, माझा बाप रोज पहाटे
*ओर्ड* ओलांडून जायचा."
ओर्ड म्हणजे शब्द.
"शब्दात दोघे बुडाले म्हणे, एकोणीसशे सहा साली.
ओहोटीला होड्या ओढायच्या त्या किनाऱ्याच्या जागी
नुसती अब्रू उरलीय, तिच्यावरून ओढतायत होड्या.
आणि गोठ्याच्या पानावर यंत्र मलाच हुकूम सोडतंय:
उपस! उपस!"
हसता हसता त्याला खोकला लागला.
ती हसली नाही. त्या दिवशी तरी.

चित्र म्हणजे अक्षर नव्हे.
डोळ्याला दिसतं,
हाक मारली तर ओ देत नाही.

रात्री तिनं परवाना वाचला, बारीक टायपातला, शेवटपर्यंत.
मुभा होती.
मग फॉन्टच उघडला,
त्यात एक रिकामं घर शोधलं,
चित्र तिथे नेऊन ठेवलं
आणि खाली एक ओळ लिहिली:
एफमागून योड आला, तर दोघांच्या जागी हे दाखव.
दाखव फक्त.
खाली दोघे दोघेच राहू देत,
आपापल्या नावानं.

मी हे मराठीत लिहिते तेव्हा
फ न सांगता पाय मोडून घेतो
आणि य-ला टेकतो.
मला वाटायचं, हे असंच असतं, जन्मापासून.
आपल्याही फ-साठी
कुणीतरी रात्री दिवा लावून बसलं असणार.

सगळी चित्रं खरवडून काढली.
उघड्या पडलेल्या प्रत्येक ओर्डला
पुन्हा दोन अक्षरं दिली,
घाईत, शोधा आणि बदला करत.
मग एकेक पान डोळ्याखालून घातलं.

सोमवारी पुन्हा फोन.
"हं. पाणी आलं," एइलेर्ट म्हणाला.
"पण एकसष्टव्या पानावर बघ,
तिथं मुळातच *शब्द* होता.
मी लिहिलं होतं, बापानं दिलेला शब्द पाळला.
आता यंत्र म्हणतंय,
दिलेला फ्योर्ड पाळला."

ओलाउगनं पान उघडलं. खरंच.
जोडाक्षर तिथंही नीट बसलेलं,
टिंब नाही, टक्कर नाही.
"दुरुस्त करते," ती म्हणाली.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
चमचा कपाला लागल्याचा आवाज.

"राहू दे," एइलेर्ट म्हणाला.
"पाळलाच होता त्यानं."